रुग्णाच्या आधी नमुना पोहोचावा

(फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान आणि त्याची रेण्वीय तपासणी या विषयावर परभणी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल, की हा विषय डॉक्टरांचा. माहिती खात्यातील माणसाने त्यावर काय बोलावे? शंका रास्त आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी घेणारही नाही. परंतु खोकला सुरू झाल्यापासून योग्य तज्ज्ञापर्यंत रुग्ण पोहोचेपर्यंत जे महिने जातात, ते बहुतांशी रुग्णालयात जात नाहीत. ते घरात जातात, गावात जातात, एस.टी.च्या थांब्यावर आणि कागदपत्रांच्या जमवाजमवीत जातात. त्या महिन्यांशी सरपंचांचा, गुरुजींचा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा आणि माझ्यासारख्या प्रसिद्धीचे काम करणाऱ्याचा संबंध आहे. म्हणून फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाचे निदान आपल्या भागात कसे होते, त्याची जी नवी तपासणी निघाली आहे ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्या दूर करण्यासाठी आपण काय करू शकतो, एवढाच भाग मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

कमी आकड्यातील धोका

कर्करोगाच्या रुग्णांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवण्याचे काम आपल्या देशात प्रथम १९६३ साली मुंबईत सुरू झाले. पुढे १९८१-८२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी मात्र आपल्या शेजारी बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत जाऊन तेथील कार्यकर्त्यांनी रुग्णांची माहिती गोळा केली. कालांतराने हे काम उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि बीड या जिल्ह्यांत पसरले. बीड जिल्हा आपल्या सीमेला लागून आहे. तेथील शेती, तेथील चूल आणि तेथील सवयी आपल्यापेक्षा फारशा निराळ्या नाहीत. म्हणून तेथील आकडे आपणांस जवळचे मानावयास हरकत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वयाचा फरक हिशेबात घेऊन काढलेले सर्व कर्करोगांचे प्रमाण पाहिले, तर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात ते दर लाख पुरुषांमागे २६९.४ इतके, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीड या नोंदणीत आढळले. ते होते ३९.५. स्त्रियांच्या बाबतीतही सर्वांत खालचा आकडा याच नोंदणीचा, म्हणजे ४९.४ होता. फुप्फुसाच्या कर्करोगाचे चित्र याला धरूनच आहे. ऐझॉलसारख्या ठिकाणी तो पुरुषांत आणि स्त्रियांतही मोठ्या प्रमाणावर दिसतो. दिल्ली, मुंबई, बंगळूर यांसारख्या महानगरांत तो पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत मोडतो. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात त्याची नोंद फार थोडी होते.

याचे एक कारण उघड आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या तंबाखूविषयक पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होत्या. मात्र धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के होते. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जाते. तिचा पहिला घाव तोंडावर पडतो. फुप्फुसे त्या मानाने वाचतात.

आकडा कमी आहे याचा आनंद मानण्यास हरकत नाही. परंतु या कमीपणातच एक धोका दडलेला आहे. जो रोग क्वचित दिसतो, त्याची शंका कोणाला चटकन येत नाही. घरच्यांना येत नाही, गावच्या डॉक्टरांनाही येत नाही. शिवाय, नोंदवही कितीही काटेकोर असली तरी ज्याचे निदानच झाले नाही त्याची नोंद कोण करणार? दम लागून गेलेल्या वृद्धाच्या मृत्यूचे कारण गावात ‘म्हातारपण’ किंवा ‘दमा’ असे सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो.

दुसरा गैरसमज असा, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला हा रोग होत नाही. टाटा स्मारक रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४८९ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ५२ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नव्हते. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु ते एकमेव कारण नव्हे. बाहेरच्या हवेतील प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. घरात जळणाऱ्या लाकूडफाट्याच्या धुराला तीच संस्था संभाव्य कारण मानते. आपल्या बायाबापड्यांनी पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात आयुष्ये काढली आहेत. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅसच्या टाक्या घरोघर पोहोचल्या. तरी परसातली चूल पुष्कळ ठिकाणी अजून विझलेली नाही.

देशाचा विचार केला तर २०२२ या एका वर्षात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८१ हजारांहून अधिक नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे पाहा. त्याचे कारण २०२० च्या त्याच राष्ट्रीय अहवालात सापडते. निदान झाले तेव्हाच रोग शरीराच्या दूरच्या भागात पसरलेला होता, असे पुरुषांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ४७.६ टक्के रुग्ण होते. स्तनाच्या वा तोंडाच्या कर्करोगात गाठ दिसते, हाताला लागते. फुप्फुसातील गाठ कोणाला दिसत नाही आणि प्रारंभी ती दुखतही नाही.

सावली क्षयाची की कर्करोगाची?

माझे थोरले चुलते जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात शेती करीत. आम्ही सर्व त्यांना आबा म्हणत असू. ते माळकरी होते. विडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना खोकला सुरू झाला. महिनाभर घरगुती काढे झाले, नंतर छातीचे क्ष-किरण चित्र काढले. उजव्या बाजूला सावली होती. थुंकीत जंतू आढळले नाहीत, तरी चित्रावरून क्षयाची औषधे सुरू झाली. त्यात कोणी फार वावगे केले असे मी म्हणणार नाही. छातीवर सावली दिसली की आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा येतो आणि तो यावयासच हवा. कारण क्षय आपल्याकडे पुष्कळ आढळतो आणि औषधांनी बराही होतो. खोकला, बारीक ताप, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच असतात.

दोन महिन्यांनी मी गावी गेलो असता आबांनी मला विचारले, “औषधं चालू हायेत, पण अंगाला काही लागंना बघ. दुसरीकडं दाखवावं का?” त्या सुमारास क्षयरोगाविषयीच्या प्रसिद्धीचे काम माझ्याकडेच होते. ‘औषधांचा क्रम अर्धवट सोडू नका’ हे वाक्य मी स्वतः पत्रकांत लिहिले होते. तेच मी आबांना सांगितले. वाक्य खरे होते; पण आबांनी विचारलेला प्रश्न निराळा होता. औषध सोडू का, असे त्यांनी विचारलेच नव्हते. हा रोग खरोखर तोच आहे का, एवढेच ते विचारीत होते.

सहाव्या महिन्यात त्यांच्या छातीत पाणी झाले. ते दोनदा काढण्यात आले आणि दोन्ही वेळा टाकून देण्यात आले. त्या पाण्यातच रोगाच्या पेशी असू शकतात आणि ते तपासावयास पाठविता येते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्या श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि औषधे नियमित घेऊनही महिना-दीड महिन्यात रुग्णाचे वजन, भूक व खोकला यांत फरक पडला नाही, तर निदानाचा फेरविचार करावयास हवा. औषध बंद करावयाचे नाही. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बंद करू नये. परंतु सीटी स्कॅन आणि आवश्यक तर बायॉप्सी करण्याविषयी डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. आवाज घोगरा होणे, खांद्यात वा बरगडीत सतत दुखणे, हाताच्या बोटांची टोके फुगीर होणे, ही लक्षणे दिसल्यास मुळीच थांबू नये.

माती परीक्षण आणि पेशी परीक्षण

आता रेण्वीय तपासणीविषयी. रुग्णालयात तिला मॉलेक्युलर टेस्ट म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना मात्र शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आधी माती तपासा, मग खत घाला, हा सल्ला शेतकऱ्यांना तेव्हापासून दिला जात आहे. दोन शेतांची माती डोळ्यांना सारखीच काळी दिसते. एकीत जस्त कमी असते, दुसरीत नसते. डोळ्यांनी ते कळत नाही, प्रयोगशाळेत कळते. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रुग्णांच्या पेशी सारख्याच दिसतात. परंतु त्यांच्या जनुकांत झालेला बिघाड निरनिराळा असतो. जनुकातील या बिघाडाला शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. तो शोधण्याची तपासणी ती रेण्वीय तपासणी.

ही तपासणी आपणांस सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. २०२० च्या साथीत नाकातला स्राव घेऊन जी आरटीपीसीआर चाचणी होत होती, ती याच जातीची. क्षयरोगासाठी थुंकीवर होणारी सीबीनॅट चाचणीही याच कुळातली असून तिचे उत्तर सुमारे दोन तासांत मिळते. तेथे जंतूचे जनुक शोधतात, येथे गाठीचे.

या शास्त्राचा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारातील इतिहास फार जुना नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या असे ध्यानात आले, की काही रुग्णांच्या गाठीतील ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन असते आणि गेफिटिनिब नावाची गोळी नेमकी त्यांनाच लागू पडते. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एएलके या जनुकातील असाच बिघाड शोधून काढला. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहेत. ज्यांच्या गाठीत उत्परिवर्तन होते, त्यांचा रोग गोळीने सरासरी साडेनऊ महिने आटोक्यात राहिला. नेहमीच्या रसायनोपचाराने तो सहा महिन्यांच्या थोडा वर राहिला. याउलट ज्यांच्या गाठीत उत्परिवर्तन नव्हते, त्यांना गोळीने अवघे दीड महिना रोखून धरले आणि रसायनोपचाराने साडेपाच महिने. एकच गोळी एकाला तारक ठरते आणि दुसऱ्याचा मोलाचा वेळ वाया घालविते. म्हणून तपासणीवाचून अंदाजाने गोळी सुरू करणे, किंवा शेजारच्या गावातील रुग्णाला गुण आला म्हणून तीच आणून देणे, घातक ठरू शकते.

या उत्परिवर्तनाचे प्रमाणही प्रदेशागणिक बदलते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा प्रकार घेतला, तर युरोप-अमेरिकेतील रुग्णांपैकी साधारणतः १० ते १५ टक्के आणि पूर्व आशियातील ४० ते ५० टक्के रुग्णांत ईजीएफआरचे उत्परिवर्तन आढळते. आपण या दोहोंच्या मध्ये आहोत. टाटा स्मारक रुग्णालयाने ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमाण २३ टक्के होते. म्हणजे जवळजवळ चार रुग्णांमागे एक. धूम्रपान न करणाऱ्यांत ते अधिक आढळते. आपल्या भागात धूम्रपान कमी आहे, हे मी प्रारंभी सांगितले. तेव्हा ज्या रुग्णांना या तपासणीचा लाभ होण्याची शक्यता अधिक, तसे रुग्ण आपल्या खेड्यांत आहेत. तपासणीची सोय मात्र महानगरांत आहे. आजच्या विषयातील खरी विषमता ही आहे.

औषधाच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीइतकी निराशाजनक राहिलेली नाही. गेफिटिनिब व एर्लोटिनिब ही औषधे भारतीय कंपन्या बनवितात, त्यामुळे त्यांच्या किमती मूळ परदेशी औषधाच्या मानाने पुष्कळ खाली आल्या आहेत. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एर्लोटिनिबचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. ऑसिमर्टिनिब या नव्या व महागड्या औषधावरील सीमाशुल्क केंद्र शासनाने २०२४ मध्ये माफ केले. टाटा स्मारक रुग्णालयात २०१६ ते २०१८ या काळात उत्परिवर्तन असलेल्या ३५० रुग्णांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. केवळ गेफिटिनिब घेणाऱ्यांचा रोग सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, तर गेफिटिनिबला रसायनोपचाराची जोड दिलेल्यांचा १६ महिने. ही जोड दिल्यास त्रासही अधिक होतो, हे खरे. परंतु परवडणाऱ्या औषधांतून किती साधता येते ते आपल्याच राज्यातील डॉक्टरांनी जगाला दाखवून दिले. हा सर्व लाभ मिळावयाचा तर आधी तपासणी व्हावयास हवी.

नमुन्याचा प्रवास

मुंबईतील मोठ्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, सूक्ष्मदर्शक आणि रेण्वीय प्रयोगशाळा एकाच आवारात असतात. आपल्याकडे क्ष-किरण चित्र तालुक्याच्या गावी निघते, सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याला यावे लागते, बायॉप्सीसाठी नांदेड वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते आणि रेण्वीय तपासणी मुंबई-पुण्याला होते. परभणीहून संभाजीनगर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आणि मुंबई साडेपाचशेच्या आसपास. दम लागलेल्या माणसाने हे अंतर किती वेळा कापावे?

येथे एक साधी गोष्ट आहे, जी ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे नुकसान होते. बायॉप्सीत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून नंतर मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवितात. यालाच ब्लॉक म्हणतात. आकाराने तो कॅरमच्या सोंगटीएवढा असतो. त्याचे बारीक काप काढून निदान करतात आणि उरलेला ब्लॉक प्रयोगशाळा जपून ठेवते. हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि टपालाने वा कुरिअरने कोठेही पाठविता येतो. रेण्वीय तपासणी याच ब्लॉकवर होते. तिच्यासाठी रुग्णाने पुन्हा प्रवास करण्याची गरज नसते. ब्लॉकमध्ये पुरेसा अंश उरला नसेल, तर काही वेळा रक्ताच्या नमुन्यावरही ही तपासणी करता येते. छातीतील पाण्यापासूनसुद्धा असा ब्लॉक तयार होऊ शकतो.

मात्र नमुना मुळात नीट घेतला गेला पाहिजे. तुकडा फॉर्मॅलिनऐवजी साध्या सलाइनमध्ये ठेवला, किंवा फॉर्मॅलिनमध्येच दिवसेंदिवस पडून राहिला, तर पेशींतील जनुके खराब होतात आणि तपासणीचे उत्तर येत नाही. तुकडा फार बारीक असला तर तो निदानातच संपतो.

आबांच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. अखेर एका मोठ्या शहरात त्यांची बायॉप्सी झाली आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे निदान झाले. अहवालाचा कागद, सर्व चित्रे, सगळ्या पावत्या एका पिशवीत घालून आम्ही मुंबई गाठली. तेथील डॉक्टरांनी सर्व पाहिले आणि विचारले, “ब्लॉक कोठे आहे?” ब्लॉक म्हणजे काय हे आम्हांला ठाऊक नव्हते. मी पदवीधर, शासनाचा माहिती अधिकारी, मलाही नव्हते. तो बायॉप्सी झाली त्या खासगी प्रयोगशाळेतच राहिला होता. चौकशी, अर्ज, पुन्हा चौकशी, यांत सव्वा महिना गेला. तपासणीचा अहवाल आला तेव्हा आबांचे तेरावे होऊन चार दिवस झाले होते. ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन आढळल्याचे त्यात लिहिले होते.

गोळीने आबा कायमचे बरे झाले असते, असे मी म्हणत नाही. रोग पसरल्यावर तसे सहसा होत नाही आणि तशी आशा कोणी कोणाला दाखवूही नये. परंतु एक आषाढी, कदाचित दोन, त्यांच्या पदरी पडल्या असत्या. नातीचे लग्न त्यांनी पाहिले असते. दोष कोणा एकाचा नव्हता. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उशीर झाला आणि त्याची बेरीज आबांना भोगावी लागली.

नमुना पाठवून रुग्णाचा प्रवास वाचविण्याची ही रीत मराठवाड्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांना सहभागी करून घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जो अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर मान्यता पावला. त्यांतील एका गटाची तपासणी रेण्वीय पद्धतीचीच होती. स्त्रियांचे नमुने त्यांच्या भागातच घेण्यात आले आणि ते प्रयोगशाळेकडे गेले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनी जे करून दाखविले, ते आपण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत करू शकणार नाही काय?

आपण काय करू शकतो?

सोयी वाढत आहेत. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून मुंबईत आहे. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी देशातील कर्करोग रुग्णालयांना एकत्र जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळेही अस्तित्वात आले. २०२३ मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत लागू झाले. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारासाठी दिवसा चालणारी केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. परंतु इमारत आणि योजना यांच्यापर्यंत माणूस पोहोचविण्याचे काम गावालाच करावे लागते.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी. क्षयमुक्त पंचायतीचे अभियान २०२३ पासून चालू आहे. त्यासाठी गावातील खोकल्याच्या रुग्णांची यादी आपण करताच. त्या यादीत आपल्यापुरता एक रकाना वाढवावा: ‘औषधे घेऊनही दीड महिन्यात फरक नाही.’ या रकान्यात ज्याचे नाव येईल, त्याला आशाताईंमार्फत त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. एवढ्या एका रकान्याला खर्च नाही, शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी कागदपत्रांचे काम आपले मानावे. गावात वाचता येणारा आणि विश्वासाचा माणूस म्हणून लोक अजूनही गुरुजींकडे व बाईंकडे येतात. रुग्ण मोठ्या गावी निघाला, की त्याची शिधापत्रिका, आधारपत्र, आधीची सर्व चित्रे व औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून द्याव्यात. बायॉप्सी झाल्यावर तीन प्रश्न विचारावयाचे, ते एका कागदावर लिहून द्यावेत: ब्लॉक कोठे ठेवला आहे? त्याचा क्रमांक काय? रेण्वीय तपासणीची गरज आहे काय आणि असल्यास तो केव्हा पाठविणार? मुलांना तंबाखूविषयी आपण सांगताच. घरातील धुराविषयीही सांगावे.

अधिकारी मित्रांना मी एवढेच सांगेन, की आपल्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत काही अर्ज असे असतात, ज्यांची मुदत कागदावर लिहिलेली नसते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, शिधापत्रिकेतील नावाच्या दुरुस्तीसाठी, वैद्यकीय मदतीसाठी आलेला कर्करोगाच्या रुग्णाचा अर्ज त्याच दिवशी निकालात काढावा. योजनेत कोणता उपचार बसतो, तपासणीचा खर्च कोणत्या मदतीतून भागू शकतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधीक्षक सांगू शकतात. रेल्वेची सवलत रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर मिळते. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलीच पाहिजे. ते काम आमच्या खात्याचे आहे आणि त्याची जबाबदारी मी घेतो.

माझ्या पत्रकांतील वाक्यही मी आता पुरे केले आहे. ‘औषधांचा क्रम अर्धवट सोडू नका’ एवढ्यावर मी थांबत नाही. ‘गुण येत नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्या’ हे त्याच्या पुढचे वाक्य आहे.

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असे आपण हसत हसत म्हणतो आणि त्यात आपला थोडा अभिमानही असतो. जर्मनीतील रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासला जातो आणि मगच त्याचे औषध ठरते. परभणीच्या रुग्णाचेही तसेच ठरावे. त्याचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात सुरक्षित आहे. तो योग्य पत्त्यावर, योग्य वेळी जावा, एवढीच त्याची मागणी आहे. ती पुरी करणे आपल्या आवाक्यात आहे.